रंग देण्याआधी गर्डरवरची धूळ तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उद्यमनगरातले बंद गाळे आणि जुन्या शेड आता अभ्यासिका, जिम, नृत्यवर्ग यांना भाड्यानं जाऊ लागल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. शाहू मिलच्या जागेचं काय होणार यावर आपण कोल्हापूरकर वर्षानुवर्षं बोलत आलो. या बारक्या शेडचं काय होतंय हे कुणी विचारत नाही. म्हणून बातमी आवडली. पण तिच्यात 'साफसफाई व रंगरंगोटी झाली की जागा वापरायला तयार' असं एक वाक्य होतं, तिथं मी अडखळलो. त्या एका वाक्याबद्दल, आणि अशा शेडमध्ये उंचावर बसून राहणाऱ्या विषारी धुळीबद्दल, हे पत्र आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

मी फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये ३४ वर्षं काढली. भट्टीतला नाण्याएवढा नमुना स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, ठेवायचा, ठिणगी पाडायची आणि हीट, म्हणजे भट्टीतला तो घाणा, पास की नापास ते सांगायचं, एवढंच माझं काम. धुळीचा माझा अभ्यास नव्हता. धूळ आमच्याकडे सगळीकडे होती, त्यामुळं ती दिसायचीच नाही.

दिवाळीनंतर एका मित्राच्या मुलाचा फोन आला. मित्र आता हयात नाही, त्याची शेड चार वर्षं बंद आहे. "काका, अभ्यासिकेसाठी पार्टी आलीया. ऐंशी खुर्च्या बसतील म्हणत्यात. तुम्ही एकदा येऊन बघा की." गेलो. फरशी पाण्यानं लख्ख धुतलेली, भिंतींना पांढरा हात मारलेला, मशिनं भंगारात गेलेली. पोरानं मेहनत घेतली होती.

"वर कोण चढलं होतं काय?" मी विचारलं.

"वर कशाला, काका?"

शिडी मागवली आणि वयाचा विचार न करता चढलो. क्रेनच्या गर्डरवर बोट फिरवलं, तर पिठीसारखी मऊ, करडी पूड बोटभर आली. ट्रसच्या, म्हणजे छताच्या लोखंडी सांगाड्याच्या, प्रत्येक कोनात तीच. खाली चार दिवस पाणी मारलं होतं, वर तीस वर्षं जशीच्या तशी बसून होती. आणि तिच्या बरोबर खाली सिलिंग फॅनचे हुक लावायला खुणा केलेल्या होत्या.

संध्याकाळी मुलीला फोनवर हे कौतुकानं सांगितलं, तर तिनं मलाच झापलं. "बोट का लावलंत, पप्पा? आणि कुठली धूळ आहे ते माहीत नसताना शिडीवर चढून ढवळलीत कशाला?" चूक माझीच होती.

मुलगी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात रिचलंड नावाच्या गावी असते, औद्योगिक आरोग्याचं काम करते. त्या गावाला लागून हॅनफर्ड आहे. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमधलं प्लुटोनियम तिथं तयार झालं. मी तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिथली पहिली मोठी अणुभट्टी, 'बी रिअ‍ॅक्टर', बसनं नेऊन दाखवत ती सहल केली. फुकट होती. चहूबाजूंनी ओसाड माळ, वाऱ्यानं गडगडत जाणारी काटेरी झुडपं, आणि मध्ये कोलंबिया नदी. पंचगंगेच्या काठच्या माणसाला नदीकाठी इतकं कोरडं बघायची सवय नसते.

भट्टी बघून झाल्यावर मला प्रश्न पडला, फाउंड्रीवाल्याला पडणारच, की हिचं इंधन कुठं बनवत होते? मुलीनं सांगितलं ते असं. रिचलंडजवळच '३०० एरिया' म्हणून भाग होता, तिथल्या इमारतींमध्ये युरेनियमच्या नळकांड्यांवर धातूचं कवच चढवायचं काम चाले. १९६३ ते १९८७ या काळात चाललेल्या 'एन रिअ‍ॅक्टर'चं इंधन तिथल्या ३३३ नंबरच्या इमारतीत व्हायचं. कवच झिरकॅलॉयचं, म्हणजे झिरकोनियमच्या मिश्रधातूचं. नळकांड्याची दोन्ही टोकं बंद करताना जे झाळण वापरत, ते झिरकोनियममध्ये पाच टक्के बेरिलियम घालून केलेलं. बेरिलियम हा एक हलका धातू, पण त्याची धूळ फुप्फुसाला घातक. बेरिलियम घातलं की झाळण कमी तापमानाला वितळतं आणि सांधा घट्ट बसतो. कारागिराच्या नजरेनं बघितलं तर सुंदर युक्ती.

पण झाळताना धूर होतो, नंतर मशिनिंग केलं की कीस पडतो, आणि तो कुठं जातो ते आपण उद्यमनगरात रोज बघतो. बाकावर, पंख्याच्या पात्यांवर, वायुवाहिनीच्या पोटात, विजेच्या डब्यांत, गर्डरवर.

भट्टी बंद झाली, इमारत रिकामी झाली. तिथं युरेनियमची तपासणी कडक, किरणोत्सार मोजणारा काउंटर घेऊन माणसं फिरायची. बेरिलियम किरणोत्सारी नाही. काउंटरला ते कळतच नाही. एखाद्या खोलीत काउंटर गप्प राहिला, तर ती खोली युरेनियमपुरती स्वच्छ, बेरिलियमबद्दल काउंटरनं काहीच सांगितलेलं नसतं. मी त्या रात्री तिच्या स्वयंपाकघरात बसून हे ऐकलं आणि आमची लॅब आठवली. आमच्याकडे भंगार तपासायला पिस्तुलासारखं एक्स-रे यंत्र असायचं. धातूवर टेकवलं की पडद्यावर टक्केवारी. बेरिलियम त्यालाही दिसत नाही, इतकं हलकं मूलद्रव्य, अणुक्रमांक ४. बेरिलियम कॉपरचा तुकडा ठेवला की यंत्र तांबं दाखवणार, थोडा कोबाल्ट किंवा निकेल दाखवणार, आणि जो पावणेदोन-दोन टक्के बेरिलियम त्या तांब्याला पोलादासारखं कडक करतो, तो दाखवणार नाही. कोबाल्टवरून आपण ओळखायचं. न ओळखणाऱ्याला ते साधं तांबं.

आता मुख्य गोष्ट. अशी रिकामी इमारत तपासायची कशी? मला वाटलं, चार ठिकाणी पुसायचं आणि लॅबला पाठवायचं. मुलगी हसली. म्हणाली, पुसणं सगळ्यात शेवटी. आधी कागद काढायचे: कुठल्या वर्षी कुठलं मशीन कुठं होतं, काय खरेदी झालं, हवेचे झोत कुठून कुठं जात होते. मग निवृत्त माणसांना गाठायचं. मशीन दोनदा हलवलेलं असतं आणि नकाशावर एकदाच नोंदलेलं असतं, हे फक्त त्या मशीनवरच्या माणसाला माहीत असतं. त्यानंतर जागेचे भाग पाडायचे. जिथं काम झालं तिथं दाट नमुने, बाकी ठिकाणी चिठ्ठ्या टाकल्यासारखे कुठलेही. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन ओल्या कापडानं ठरलेल्या पद्धतीनं पुसायचा. उंचावरच्या आडव्या जागा, वाहिन्यांची आतली बाजू, पॅनेलच्या मागं, सगळीकडे. आणि रंगाच्या थराखाली काय आहे तेही बघायचं, कारण धुळीवर रंग मारला की धूळ जात नाही, दडते. उद्या कुणी तिथं ड्रिल मारलं की बाहेर.

मर्यादा किती ते ऐकून मी चाट पडलो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं १९९९ मध्ये केलेल्या नियमानुसार, बेरिलियमचं काम जिथं चालू आहे तिथं काम थांबल्यावर पृष्ठभागावर १०० चौरस सेंटिमीटरला ३ मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. पण वस्तू किंवा जागा दुसऱ्या कुणाला वापरायला द्यायची असेल, तर ०.२ मायक्रोग्रॅम. साखरेचा एक दाणा साधारण अर्धा-पाऊण मिलिग्रॅम भरतो. आपल्या जिल्ह्याला साखरेचीच मापं कळतात म्हणून सांगतो: त्या एका दाण्याचे तीन हजार तुकडे करा, त्यातला एक तुकडा पंज्याएवढ्या जागेवर पसरा. त्याहून जास्त असेल तर किल्ली द्यायची नाही.

इथं माझ्यातला केमिस्ट जागा झाला. म्हटलं, अगं, मातीतही बेरिलियम असतं. ग्रॅमला एखाद मायक्रोग्रॅम तरी निसर्गतःच. म्हणजे त्या चौकोनावर नुसती माळावरची माती ०.२ ग्रॅम साचली तरी मर्यादा गाठली! तिथं वारा तर असा, की खिडकी बंद असूनही टेबलावर माती. ती म्हणाली, पप्पा, हाच तर खरा प्रश्न. नमुन्यात बेरिलियम सापडलं एवढ्यावर भागत नाही, ते कामाचं की मातीचं हे ठरवावं लागतं. त्यासाठी बरोबरची मूलद्रव्यं किती आहेत त्यांचं प्रमाण बघायचं आणि बाहेरच्या मातीशी ताडून बघायचं. उलट बाजूनंही फसगत आहे. उच्च तापमानाला भाजलेलं बेरिलियम ऑक्साइड नुसत्या नायट्रिक आम्लात नीट विरघळत नाही. लॅबनं सोपी पद्धत वापरली तर धातू तिथं असून अहवालात 'नाही' येतो. चुकीचा 'आहे' आणि चुकीचा 'नाही', दोन्ही एकाच कापडाच्या तुकड्यात. त्या रात्री जेवण गार झालं.

हॅनफर्डच्या त्या इमारती आता पाडून टाकल्या आहेत. पण ज्यांनी तिथं काम केलं, त्यांचे खोकले उरले.

बेरिलियमचा रोग विचित्र आहे. त्याचा कण फुप्फुसात गेला की काहींच्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर उठतात. सगळ्यांच्या नाही, काहींच्याच. त्यात जनुकांचाही हात असतो. रक्ताच्या चाचणीत पेशी बेरिलियमला बिथरतात का ते कळतं. बिथरल्या, तरी माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत असू शकतो. मग कधीतरी, काम सोडून दहा-वीस वर्षं झाल्यावर, जिना चढताना धाप, कोरडा खोकला, फुप्फुसात गाठी. स्टेरॉइडनं आटोक्यात ठेवता येतो, बरा होत नाही. १९४६ साली डॉ. हॅरिएट हार्डी यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या ट्यूबलाइट कारखान्यातले सतरा रुग्ण नोंदवले. त्या काळी नळीच्या आतल्या पांढऱ्या भुकटीत बेरिलियम असे. १९४९ मध्ये तिथल्या उत्पादकांनी ते थांबवलं, आपल्या घरातल्या नळ्यांना घाबरू नका. तिकडं ओहायोतल्या लोरेन गावी तर कारखान्यात कधी पाऊल न टाकलेले शेजारी आजारी पडले. त्यातल्या एका बाईचं कारण होतं नवऱ्याचे कपडे धुणं.

हे वाचलं त्या दिवशी मी बायकोकडे बघितलं. माझा लॅबचा कोट ३४ वर्षं तिनं घरच्या मोरीत धुतला.

हवेतल्या बेरिलियमची पहिली मर्यादा, घनमीटरला २ मायक्रोग्रॅम, कशी ठरली तेही गमतीशीर आहे. १९४८ च्या सुमाराला आयझेनबड आणि मॅकल हे दोघे तज्ज्ञ टॅक्सीतून जाताना बोलले: जड धातूंना १०० चालतं, बेरिलियमचा अणू त्यांच्या विसाव्या हिश्शाएवढा हलका, म्हणजे ५, जपून राहू म्हणून २. झालं. पुढं 'टॅक्सीतला आकडा' म्हणूनच तो ओळखला गेला. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्यानं तो दहा पटींनी खाली, ०.२ वर आणला २०१७ मध्ये. सत्तर वर्षं टॅक्सीत बसलेला आकडा.

आता कुणी म्हणेल, अणुइंधनाचा उद्यमनगराशी काय संबंध? थेट काहीच नाही. आपल्या हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये इंधनाच्या नळ्यांवरचे बारके तुकडे झाळत नाहीत, विजेच्या रेझिस्टन्स वेल्डिंगनं बसवतात, त्यामुळं कॅनडासारखं तिथं बेरिलियमचं झाळणच लागत नाही. त्याबद्दल आपल्या इंजिनिअरांचं कौतुक वाटतं. अणुऊर्जा अधिनियम, १९६२ नं देशात बेरिलियमवर नियंत्रण ठेवलं. त्यात युरेनियम, थोरियमच्या ओळीत त्याचं नाव होतं. आणि गुजरीत सराफ अंगठीत बसवतात तो पाचूही बेरिलियमच्याच खनिजाचा, पण दगडात ते घट्ट बांधलेलं असतं, त्यानं काही होत नाही. त्रास धुळीचा आणि धुराचा.

पण मित्राच्या शेडमध्ये शेवटची काही वर्षं ओतकाम बंद होऊन डाय आणि मोल्ड दुरुस्तीचं जॉबवर्क चालायचं. मुलीचं ऐकून मी आधी कागद शोधले (मिळाले नाहीत, वाळवीनं खाल्ले होते) आणि मग तिथल्या जुन्या ग्राइंडरवाल्याला गाठलं. पाचगावात राहतो. चहा झाल्यावर विचारलं, तांब्याचं काही घासायला यायचं काय रं? म्हणाला, "यायचं की सायेब. तांबूस, पण लई कडक. प्लास्टिकच्या मोल्डातले इन्सर्ट. दगड लवकर झिजायचा त्याच्यावर." म्हणजे बेरिलियम कॉपर असावं. मास्क? तोंडाला रुमाल. धूळ ओढणारा पंखा? "दार उघडं असायचं."

तो आता पायऱ्या चढताना दोनदा थांबतो. त्याला दोन वेळा क्षयाची औषधं दिली गेली. आमच्या फेटलिंगमधल्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या, माणसांनाही छातीत डाग दिसला की आधी क्षयच ठरायचा. ते कुठं काम करतात हे डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं मी क्वचितच बघितलं. त्याला बेरिलियमचा रोग आहे असं मी अजिबात म्हणत नाही. त्यानं आयुष्यभर वाळूतही काम केलंय, सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग, असेल, क्षय असेल, दोन्ही असेल. खरं सांगायचं तर आपल्या फाउंड्रीच्या शेडमध्ये पहिला संशय वाळूचाच घ्यावा, मग शिशाचा. बेरिलियम फार थोड्या ठिकाणी निघेल. पण कुठं निघेल हे विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारायची माणसं आता सत्तरीत आहेत.

कायदा याबाबत मुका नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती. तिच्यात सिलिकोसिस होता, शिशाची विषबाधा होती आणि बेरिलियमचीही होती. रुग्ण दिसला तर डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेतही ती यादी आहे. पण हे सगळं रुग्णाबद्दलचं, जागेबद्दलचं नाही. शटर पडलं आणि जागा भाड्यानं गेली की गर्डरवरच्या धुळीचा मालक कोण?

माझं मागणं मोठं नाही. वापर बदलायची परवानगी महापालिका देत असो की एमआयडीसी, अर्जाबरोबर एक पान जोडायला लावा: या शेडमध्ये कुठल्या वर्षी काय काम झालं, जुन्या कामगारांपैकी कुणाला विचारलं, आणि उंचावरच्या धुळीचा अहवाल काय आला. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयानं त्यासाठी साधी मराठी सूचना काढावी. शेडमालकांनी तोवर एवढं तरी करावं, की कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा वर मारू नये. आमच्याकडे 'एअर मारून घे' हे सफाईचं दुसरं नाव आहे, आणि त्याच्याइतकी वाईट सफाई नाही. नमुने आधी घ्यावेत. मग ओल्या फडक्यानं पुसावं किंवा बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा व्हॅक्युम वापरावा, वरून खाली. पाणी आणि रंग त्यानंतर. लॅबला पाठवताना नुसतं 'धातू तपासा' असं लिहू नये. बेरिलियम कॉपरचं काम झालं असेल तर बेरिलियम असं नाव घालून विचारावं, आणि नमुना कुठल्या पद्धतीनं विरघळवणार तेही विचारावं. लॅबमध्ये आयुष्य गेलेला माणूस सांगतोय: जे विचारलं नाही ते लॅब सांगत नाही.

मित्राचा मुलगा आधी नाराज झाला. पार्टी डिसेंबरपासून भाडं द्यायला तयार होती. "काका, आठ-दहा तास पोरं नुसती बसून वाचणार. घासणार थोडीच हैत?" मी म्हटलं, घासून झालंय रे, आता पंखा लावायचाच बाकी आहे. थोडा वेळ गप्प बसला. मग हुकाच्या खुणांकडे बघत म्हणाला, "पोरांत माझी धाकटी बहीण बी असणाराय."

परवा आम्ही दोघांनी मास्क आणि हातमोजे घालून बारा ठिकाणचे नमुने घेतले, मुलगी व्हिडिओवरून बघत होती आणि तीनदा ओरडली. गर्डरवरचे सहा, ट्रसचे दोन, जुन्या विजेच्या डब्यातला एक, ग्राइंडर होता त्या भिंतीच्या रंगाखालचा एक, ऑफिसच्या माळ्यावरचा एक. बारावा शेडबाहेरच्या मातीचा. पुडक्यांवर जागा आणि तारीख घालून पाठवली आहेत. अहवाल यायला वेळ लागेल. तोवर शेडची किल्ली माझ्याकडे आहे, देवघरात, उदबत्तीच्या डब्याशेजारी.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री केमिस्ट
मंगळवार पेठ, कोल्हापूर